गुढीची काठी मी नेलीय

बाबा,

मी एअरपोर्टवर जातेय, पण आज विमान उडवायला नाही. आमची एअरलाइन छोटी असली तरी चांगली नफ्यात आहे, आणि आम्हा पायलट लोकांचा पगाराचा नवा करार तीन वर्षं रखडलाय. म्हणून सुट्टीवरचे आम्ही सगळे युनिफॉर्म घालून, पाट्या धरून टर्मिनलबाहेर शांतपणे फेऱ्या मारणार आहोत. घोषणाबिषणा नाहीत, काळजी नको.

पाटीला दांडा मिळेना, म्हणून गुढीची काठी नेलीय. मी परत येईपर्यंत आईला सांगू नका. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावा.

काल जेवताना तुम्ही पुन्हा म्हणालात, ‘मी व्हिसावर अकरा वर्षं बॉससमोर तोंड उघडलं नाही.’ मी चिडून उठले. सॉरी.

पण सकाळी बघते तर पाटीवरची माझी वाकडीतिकडी अक्षरं कुणीतरी पट्टी लावून ठळक, सुबक करून ठेवलीत. पुलांची ड्रॉइंग्ज काढलेला हात आपल्या घरात एकच आहे.

आम्ही एकपर्यंत आहोत. घरच्यांनाही येता येतं. गॅरेजमध्ये एक कोरी पाटी ठेवलीय. फक्त वाटेत नवा मार्कर घ्या, तुम्ही टोपण न लावता ठेवलेला वाळून गेलाय.

इशिता