तिथंच, काका

सोमवार, ६ एप्रिल

माझ्या स्टुलावर बसली!

एकोणीस वर्षं ते स्टूल मालिशीच्या बाकड्याशेजारी आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली मी पुठ्ठ्याची घडी घातलेली. अख्ख्या फुटबॉल टीमला ठाऊक आहे की तिथं काका बसतात. आज तेलाची बाटली घेऊन आत आलो तर आकडेबाई मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यावर बसलेली. मला बघून लगेच उठली. "सॉरी काका, बसा ना." मी आपलं म्हटलं, "बस बस, मला उभ्यानं सवय आहे." तर बसलीच की पुन्हा!

आकडेबाई हे नाव मीच ठेवलं. चिडून ठेवलं होतं, पोरांनी ते लाडाचं करून टाकलं. तीन महिने झाले तिला येऊन. पोरांच्या छातीला काळे पट्टे बांधते, मग कोण किती पळला, कुठं थांबला, सगळं पडद्यावर. शिवाय रोज सकाळी एक कागद भरून घेते – झोप किती झाली, पाय किती दुखतात, एक ते दहा. पाय दुखतात का, हे पायाला विचारायचं की कागदाला?

मंगळवार, ७ एप्रिल

कोच आज दारातूनच म्हणाला, "काय म्हणतात आकडे?"

पूर्वी विचारायचा, "काका, काय म्हणतात पाय?" स्वतः खेळायचा तेव्हा याच बाकड्यावर पालथा पडून कण्हायचा. विसरला.

गुरुवार, ९ एप्रिल

जिंकलो. दोन-शून्य, दोन्ही गोल टाचणीचे. फायनल गाठली!

टाचणी म्हणजे डावीकडून पळणारा आमचा काटकुळा. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या बाकड्यावर पडला तेव्हा बाकडं करकरलंसुद्धा नाही. आता बावीसचा आहे. ही त्याची पहिली फायनल. आज बूट काढता काढता तीनदा विचारलं, "काका, एकोणीस तारखेला नक्की रविवारच आहे ना?"

आता पेच असा, की साखळीतला एक सामना अजून उरलाय, बुधवारी. हरलो काय नि जिंकलो काय, फायनल ठरलेलीच. मग मुख्य पाच पोरांना बुधवारी बसवायचं की खेळवायचं? घाम वाळायच्या आत वाद सुरू. कोच म्हणतो, दहा दिवस सामना नाही मिळाला की पोरं गंजतात. मागच्या फायनलला, टाचणी यायच्याही आधी, सगळ्यांना विश्रांती दिली होती आणि पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले होते. ते त्याच्या मनातून जात नाही.

शेवटी वळून म्हणाला, "आकडे बघून ठरवू." मी तिथंच टॉवेल गोळा करत होतो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवार, १० एप्रिल

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, आपल्या बाजूनं बोलेल. तर म्हणाली, "चांगली आहे की पोरगी. परवा तुमचा फोन मी उचलला, तर किती आपुलकीनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली." म्हणजे घरातही शिरली!

रागात दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवलं. बायको म्हणाली, "अहो, सांडशी घ्या." म्हटलं, एकोणीस वर्षं मालिश केलेले हात आहेत, यांना काही होत नाही. थोड्या वेळानं तिनंच माझा अंगठा धरून दाखवला. हा एवढा फोड आलेला. "कळलं नाही तुम्हाला?" चिडलेला असलो की मला कशाचंच भान राहत नाही.

रविवार, १२ एप्रिल

कोचच्या खोलीत बैठक. आम्ही तिघंच.

आकडेबाईचं म्हणणं: बाकीच्या चौघांचं तुम्ही ठरवा, पण टाचणीला बुधवारी अजिबात नको. वेग तोच आहे, पण आठवडाभर थांबताना डाव्या पायावर भार टाकत नाहीये. मांडीच्या मागच्या स्नायूत काहीतरी आहे.

मी म्हटलं, तो पाय सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे. काही असतं तर मला कळलं असतं.

कोच दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, उद्या तुम्ही पाय बघा. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! तीन महिन्यांनी. खोटं कशाला लिहू, खुर्चीतल्या खुर्चीत दोन इंच वर झालो. तिचं तोंड कसं झालं ते बघायला वळलो, तर म्हणते, "बरोबर आहे, काकांनी बघायलाच हवं." जशी काही परवानगी हिनंच दिली.

सोमवार, १३ एप्रिल

टाचणी पालथा पडला. तेल लावलं, डोळे मिटले, अंगठा मांडीच्या मागून खालून वर नेला. मी नेहमी असंच करतो. गाठ असली की अंगठ्याखाली वाटाण्यासारखी येते. थांबलो, दाबलं. "इथं?" तो म्हणाला, "हां, तिथंच, काका." तिथं तर सगळं मऊ होतं. गाठ नाही, काही नाही.

पुन्हा एकदा बघावं असं वाटलं होतं. पण आकडेबाई दारात वही घेऊन उभी. तिच्यादेखत दुसऱ्यांदा चाचपायचं म्हणजे माझ्या हाताला शंका आली असं झालं असतं. टॉवेल टाकला आणि म्हटलं, "लोणी आहे लोणी. खेळू द्या."

तिनं वहीत लिहून घेतलं. लिही म्हणावं, ठळक लिही.

मंगळवार, १४ एप्रिल

यादी लागली. चौघे बाहेर, टाचणी आत. आज दोन घास जास्त जेवलो.

बुधवार, १५ एप्रिल

अडतिसावं मिनिट. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय घातला नाही. पळता पळता टाचणीनं डाव्या मांडीला मागून हात लावला आणि गवतावर बसला.

मी पिशवी घेऊन धावलो. लाज वाटते लिहायला – धावताना मी त्याच्याकडे नाही, मागे वळून तिच्याकडे बघत होतो. ती हसतेय का. ती हसत नव्हती. तोंडावर हात धरून उभी होती.

गुरुवार, १६ एप्रिल

स्नायू फाटलाय. सहा आठवडे. फायनल गेली त्याची.

डॉक्टर म्हणाले, जखम कालची नाही, आठ-दहा दिवस आधीपासून थोडी थोडी असणार. जिथं फाटलंय तिथं मांडीवर निळ्या पेनानं गोल काढलाय. मी सोमवारी दाबलं होतं त्याच्या चांगली चार बोटं वर. अंगठा तिथूनही गेला होता माझा. मग लागलं कसं नाही? सूज नंतर वर सरकली असेल.

"मी सांगितलं होतं" असं ती एकदा म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. त्याऐवजी माझ्यासाठी चहा आणला, बिनसाखरेचा. माझी साखर बंद आहे हेही हिला माहीत! कप तसाच निवला. दुपारी पोरं तिच्या खोलीबाहेर रांग लावून उभी होती, पट्टे तपासून घ्यायला. एवढं सगळं होऊनही ती रांग बघून माझ्या पोटात दुखलंच.

शनिवार, १८ एप्रिल

टाचणी कुबड्या घेऊन आला, पोरांना भेटायला. सगळे मैदानावर गेल्यावर माझ्या बाकड्यावर बसून राहिला. मी विचारलंच, "सोमवारी दुखत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

कुबडीच्या रबराशी चाळा करत म्हणाला, "काका, वर्ष झालं, तुमचा अंगठा जागेवर बसत नाही. पूर्वी न सांगता गाठ सापडायची तुम्हाला. एकदा मी 'जरा वर' म्हटलं होतं, तर तुमचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर नाही म्हटलं. जिथं दाबाल तिथं 'तिथंच' म्हणायचो. आणि सोमवारी तर ती दारात उभी होती. तिच्यासमोर तुम्हाला चुकीचं कसं ठरवू? वाटलं, एक सामना निघून जाईल."

त्याला रिक्षापर्यंत सोडलं. तो मलाच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका."

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, मी डोळे मिटतो, तू माझ्या अंगठ्याला कधी गरम कप लाव, कधी गार. सांगू नकोस. सहा वेळा लावला. चारदा चुकलो. ती म्हणाली, "पुन्हा करून बघू या का?" नको म्हटलं. मग तिनं दोन्ही कप विसळून ठेवले आणि माझ्याजवळ येऊन बसली.

टाचणीला माझी दया आली असेल, तो तसाच आहे. पण बाकीचे दहा जण माझ्या हाताखालून जातात, ते कशाला खोटं बोलतील, असं रात्रभर स्वतःला सांगतोय.

रविवार, १९ एप्रिल

आज फायनल. गोलकीपर सगळ्यांत आधी बाकड्यावर येऊन पालथा पडला. पोटरी आखडली आहे म्हणाला. मी स्टूल ओढून बसलो, तेल लावलं, आणि मुद्दाम पोटरी सोडून घोट्याच्या हाडावर अंगठा दाबला. "इथं?"

"हां, तिथंच, काका."

उठलो. दारात जाऊन आकडेबाईला आत बोलावलं आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.