नानांच्या विमानाचा तुलनात्मक तक्ता

१४ मे १९९५, रविवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं आहे आणि मोठ्या कामाची नोंद हवी.
नाना, म्हणजे माझे वडील हरिभाऊ, एअरफोर्समधले निवृत्त फिटर. सव्वीस नोव्हेंबरला त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. काय हवं म्हणून विचारलं. शाल नको म्हणाले, चांदीची वाटी नको म्हणाले. डकोटा एकदा हातात घेऊन बघावंसं वाटतं म्हणाले. आयुष्यभर त्या विमानाच्या पोटाखाली उताणं पडून काम केलं, वरून धड कधी बघितलंच नाही.
म्हटलं, झालंच समजा. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटं विमान करायचे डबे मिळतात. सहा महिने आहेत. मला सहा आठवडे पुरतील.

१६ मे
इंदूचं म्हणणं, एक डबा आणा आणि जोडा. बायकोला खरेदीतलं कळत नाही. इथे झाँसीला रेल्वेच्या स्टोअर्समध्ये सत्तावीस वर्षं मी तीन कोटेशनांशिवाय टाचणीसुद्धा घेऊ दिलेली नाही. आता जन्मदात्याच्या बाबतीत ढिलाई करू?
ठरलं. तीन कंपन्यांचे तीन डबे. तिन्ही डकोटा, तिन्ही एकास बहात्तर प्रमाणाचे. तक्ता करायचा : दर्जा, किंमत, शेरा. सर्वोत्तम ठरेल तोच जोडायचा. तोपर्यंत कशालाही गोंद लावायचा नाही.
तक्त्याचे रकाने आखले. आजच्या दिवसात एवढं पुष्कळ झालं.

४ जून, रविवार
डबा क्र. १, इंग्लिश. छावणीतल्या एका मेजरसाहेबांची बदली झाली, त्यांच्या विकाऊ सामानात मिळाला. जुना, पण न उघडलेला. पंखांवर रिव्हेट फार सुरेख उठवलेत. भिंग घेऊन मोजले. डावा पंख चारशे अकरा, उजवा चारशे सात. चार रिव्हेट कुठे गेले?
नानांना विचारलं, खऱ्या विमानाला किती असतात. म्हणाले, 'मी मोजत नव्हतो, ठोकत होतो.'
तक्त्यात लिहिलं : रिव्हेट, खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही.

२५ जून
डबा क्र. २, इटालियन. ऑफिसातला बापूराव दिल्लीला गेला होता, त्याच्याकडून मागवला. प्लास्टिक सुबक. भागांच्या कडांना फालतू पापुद्रा नाही. सांधा लावून बघितला तर केस शिरणार नाही. किंमत इंदूला अजून सांगितलेली नाही, योग्य वेळी सांगेन.
डबा क्र. १ चा उजवा पंख वाकला. खिडकीत ठेवला होता. यात कंपनीचा दोष नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद केलं : उष्णता सहन होत नाही, जबाबदार झाँसी.

१० जुलै
डबा क्र. ३, देशी. सदर बाजारातलं खेळण्यांचं दुकान. सूचनापत्रक नाही. एक चाक जास्त. जास्तीचं चाक हा गुण धरावा की दोष, यावर बापूरावाशी जेवणाच्या सुट्टीत चर्चा. निर्णय झाला नाही.
संध्याकाळी कुशवाहाजी आले. शेजारीच राहतात, खंडेराव गेटला फुलांचं दुकान आहे. टेबलावरचे भाग बघून हे काय म्हणाले. मी सांगितलं, बाबूजी के लिए विमान बना रहे हैं. ते एकदम गंभीर झाले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'बड़े भाग बाबूजी के,' म्हणाले, 'के लरका अबईं सें विमान बना रओ.'
मुलगा आत्तापासून करतोय याचं कौतुक. हार विकणारा माणूस, पण विमानविद्येविषयी केवढा आदर! आमच्या गावी, भुसावळला, कोणी ढुंकून बघितलं नसतं.

२३ जुलै
गल्लीतली माणसं नानांना भेटायला येताहेत. कोणी डाळिंबं आणतं, एकाने गंगाजल आणलं. बायका पाया पडून डोळे पुसतात. सगळ्यांना मी विमानाबद्दल अभिमानाने सांगतो, सगळे हात जोडतात.
कुशवाहाजींनी विचारलं, बैंड भी करवाएँगे? सहस्रचंद्रदर्शनाला बँड! कल्पना वाईट नाही. म्हटलं, ज़रूर. फुलं आपल्याकडून म्हणाले, पैशाचं नाव काढू नका.
नाना विचारत होते, लोक माझ्याकडे असे का बघतात. म्हटलं, प्रेम आहे.

१५ ऑगस्ट
सुट्टी. ऑफिसात झेंडावंदन करून येऊन जोडायला बसणार होतो. कुठला डबा ते ठरलं नव्हतं, पण बसणार होतो.
तेवढ्यात इंदूने कुशवाहाजींच्या बायकोकडून कळलेलं सांगितलं. इकडे म्हातारं माणूस गेलं की त्याची तिरडी फुला-कागदांनी सजवतात, वाजतगाजत नेतात. त्या तिरडीला विमान म्हणतात. म्हणजे गेला महिनाभर मी गल्लीभर सांगत सुटलो होतो की वडील जिवंत आहेत पण मी तयारीला लागलोय. आणि बँडला होसुद्धा म्हटलंय.
इंदू हसत होती, हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, हा निव्वळ भाषेचा प्रश्न आहे. सत्तावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही, ही त्यांची चूक.
नाना आतून ऐकत होते. खोकला लागेपर्यंत हसले. मग मला आत बोलावून म्हणाले, 'मार्तंडा, दोन्हींतलं एक तरी वेळेवर होऊ दे.'
आज जोडायचा मूड राहिला नाही.

१० सप्टेंबर
प्रगती. रंगाचा रकाना वाढवला. तिन्ही डब्यांत हिरवट रंग सांगितलाय. नाना म्हणतात, त्यांचं विमान नुसतं ॲल्युमिनियमचं होतं, उन्हात बघवत नसे. म्हणजे चंदेरी रंगाची वेगळी चौकशी आली. दोन दुकानांची कोटेशनं मिळाली, तिसऱ्यासाठी थांबलोय.
गोंदाची ट्यूब उघडून बघितली. वाळली आहे.
नानांना जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. गोळ्या दिल्या. इंदू माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, अजून अकरा आठवडे आहेत.

८ ऑक्टोबर, रविवार
आजचा प्रसंग लिहिणं भाग आहे, कारण माझी बाजू कुठेतरी नोंदवलेली असावी.
भाजी घेऊन आलो तर नाना टेबलाशी. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, बोटांनी चाचपून त्यांनी देशी डब्यातल्या धडाचे दोन अर्धे जोडले होते. इंदूचा कसलासा गोंद घेतलेला. सांधा खरं म्हणजे बरा बसला होता. पण नमुना न जोडलेल्या स्थितीत हवा! एक जोडलेला आणि दोन सुटे, अशी तुलना कुठल्या नियमात बसते? मी जरा चढ्या आवाजात हे समजावलं. आणि गोंद ओला होता तोवर दोन्ही अर्धे उकलून ठेवले. शेपटीपाशी कच्चकन तडा गेला.
नाना 'बरं' म्हणाले. हात पुसले आणि जाऊन पडले.
इंदूने माझं ताट वाढलं आणि स्वतः नानांपाशी जाऊन बसली. तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

२४ ऑक्टोबर
कालच दिवाळी झाली. आज सूर्यग्रहण. ऑफिस नाही, अख्खा दिवस मोकळा होता, पण ग्रहणात नवीन काम सुरू करत नाहीत. मी हे मानत नाही, नाना मानतात. त्यांच्या भावना दुखवायच्या नव्हत्या.
नानांना विचारलं तर म्हणाले, मी कुठे मानतो.
तोपर्यंत दुपार झाली होती.

५ नोव्हेंबर
निर्णय जवळजवळ झाला. दर्जात इटालियन, रिव्हेटमध्ये इंग्लिश, किमतीत देशी. प्रत्येकी एक गुण, म्हणजे बरोबरी. चौथा निकष शोधला की सुटेल. तीन आठवडे हातात आहेत. रोज एक तास दिला तरी एकवीस तास, आणि मला दहा पुरतील. उद्यापासून नक्की.
नाना आता विमानाचं विचारत नाहीत. मी आपणहून सांगितलं, इटालियनचं पारडं जड आहे. मान हलवली. दिवसभर उताणे पडून असतात, दोन्ही तळवे पोटावर उघडे. कोणी काही हातात देणार असेल तसे.
ते मला बघवलं नाही. उठून तक्ता शाईने स्वच्छ लिहून काढला.

१२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
नाना परवा, शुक्रवारी पहाटे गेले. झोपेतच.
काय करावं ते कळेना म्हणून मी तक्त्याची फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो. इंदूने ती काढून घेतली.
सात वाजता कुशवाहाजी बांबू घेऊन आले, बरोबर गल्लीतले चौघे. सुतळी, पतंगाचा कागद, टोपलीभर झेंडू. कोणी आकृती काढली नाही, कोणी काही मोजलं नाही. पावणेनऊला तयार झालं. वर कमान, चारी कोपऱ्यांना माळा. बँडही आला. जुलैत मीच हो म्हटलं होतं.
मग कुशवाहाजी जवळ येऊन हळूच म्हणाले, 'भैयाजी, वो आपका वाला भी ले आइए. आगे बाँध देंगे.'
मी आत गेलो. तीन डबे. एकूण दोनशे तेरा भाग, पिशव्यांत घालून, नंबर लावून. जोडलेला एकही नव्हता. जोडलेलं एकच होतं ते नानांनी जोडलं होतं, आणि ते मी उकललं होतं. तेच दोन अर्धे घेऊन बाहेर आलो. इंदूने वेणीचं रबर काढून त्यांना लावलं. पंख नव्हते, चाकं नव्हती. कुशवाहाजींनी ते कमानीच्या पुढच्या टोकाला सुतळीने बांधलं आणि बहुत बढ़िया बनाया म्हणाले. तिथे मला रडू आवरलं नाही. बँडमुळे कोणाला ऐकू गेलं नसावं.
घाटापर्यंत ते टिकलं.
आज तक्ता पूर्ण केला. खाली चौथी ओळ घातली. निर्माता : कुशवाहाजी, फूलवाले. साहित्य : बांबू, कागद, झेंडू. प्रमाण : एकास एक. सूचनापत्रक : नाही. लागलेला वेळ : पावणेदोन तास. किंमत : घेत नाहीत.
शेऱ्याचा रकाना बराच वेळ रिकामा होता. इंदूने विचारलं, काय लिहिताय. काही नाही म्हटलं. मग लिहिलं : वेळेवर.