तवंग दिसत नाही म्हणून

प्रिय ढब्बू,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलंय, हे आधीच सांगते. मनात वेगळाच शब्द आहे.

तुझ्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गेल्या वर्षी गळली, तेव्हा आईच्या विहिरीचं पाणी भरणारी मागच्या गल्लीतली माणसं घाबरून तुझ्याकडे आली होती. त्यांना तू त्या विहिरीपाशी नेलंस आणि तोऱ्यात सांगितलंस, की तेल पाण्यात विरघळत नाही, तवंग दिसतोय का कुठे, मग बिनधास्त प्या. बिचारी मुकाट घरी गेली. अरे शहाण्या, विरघळत नाही म्हणजे फारसं विरघळत नाही! तुझ्या ऑफिसात काचेच्या पेटीत मासे आहेत ना? ते ज्या प्राणवायूवर जगतात, त्याचंही पाण्याशी फारसं जमत नाही. तरी थोडा विरघळतोच. नाहीतर ती बुडबुडे सोडणारी मोटर काय शोभेला लावलीस? पेट्रोलमधलं बेंझीनही असंच थोडं थोडं पाण्यात शिरतं. तवंग नाही, रंग नाही. आणि रोज पोटात गेलं तर रक्ताचा कर्करोग व्हायला तेवढं थोडं पुरतं. बहीण पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिला एक फोन करायला तुझे हात मोडले होते का? आई म्हणाली पाण्याला वास येतो, तर तू तिलाच म्हणालास, तुझं नाक म्हातारं झालंय. लाज कशी वाटली नाही रे?

या महिन्यात मी स्वतः येऊन पाणी नेलं, तपासलं. बेंझीन निघालं. तरी वाटत होतं, गाढव आहे, कळलं नसेल. चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण आई सहज बोलून गेली, की वर्षभर तू तिच्याकडे चहासुद्धा घेत नाहीस, येताना पाण्याची बाटली बरोबर आणतोस. म्हणजे तुला सगळं माहीत होतं.

काल मी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलंय. आता तुझ्या पंपाचं काय व्हायचं ते होवो. आईला माझ्याकडे घेऊन आलेय. विहिरीचं तिला समजावलं, तिला ते कळलंही. पण बाटलीचा आणि विहिरीचा संबंध तिने अजून लावलेला नाही. सारखी मला विचारते, ढब्बूला माझ्या हातचं पाणी का चालेनासं झालं, माझं काय चुकलं? मी उत्तर देणार नाही. तू ये, तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई