बंकटच्या माडीवरचा पोरगा

३ फेब्रुवारी २०२५
बंकट गिरणीवाल्याने माडी भाड्याने दिली. भाडेकरू कोण, तर सुधारगृहातून सुटलेला पोरगा! अठरा पूर्ण झाले आणि घर नसलं की सरकार अशी खोली घेऊन देतं, कामाला लावतं, आठवड्याला एक साहेब बघून जातो. स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवतात म्हणे.
चाकू लागल्यावर आमचे हे आपल्या पायांनी रिक्षापर्यंत गेले, दवाखान्यापर्यंत जिवंत पोचले नाहीत. कुणी हात दिला नाही.

५ फेब्रुवारी
पोरगा धर्मापुरीचा निघाला. ह्यांना मारणाराही धर्मापुरीचाच, तेव्हा सोळाचा; पोलिसांनी एवढंच सांगितलं, तोंड कधी दाखवलं नाही. दोन वर्षं झाली. म्हणजे आता अठरा.

६ फेब्रुवारी
साहेबांना, गहिनीनाथ त्यांचं नाव, रस्त्यात अडवलं. तोच ना हा? म्हणाले, नाव, गुन्हा काही सांगता येत नाही, कायदा आहे.
वाचनालयात बसून कायदा वाचला. खरंच आहे. अशा पोरांची नावं छापायची नाहीत. ह्यांचं मात्र पेपरात ठळक छापलं होतं — तेही धोंडीरामऐवजी धोंडीबा.

९ फेब्रुवारी
नळावर समोर आला. मला बघून मान खाली. आणखी काय पुरावा हवा?

१२ फेब्रुवारी
गल्लीतल्या बायका घेऊन गिरणीत गेले. ह्यांना मारणारा तुझ्या माडीवर आहे, म्हटलं. तो राहिला तर उद्यापासून एकीचंही दळण इथं येणार नाही.
बंकट पिठाचे हात जोडून उभा. "वैनी, गॅरेजात जातंय, येतंय, भाकरी थापून खातंय. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."
बायकांतली मंगल म्हणाली, मग तुझ्या पोरीला धाड की त्याला भाकरीबरोबर कोरड्यास द्यायला.
बंकट हात पुसत माडीचा जिना चढला.

१३ फेब्रुवारी
संध्याकाळी पोरगा दारात.
"मावशी, मी तुमचं काय केलंय?"
विचारायची छाती बघा! तोंडावर दार लावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१४ फेब्रुवारी
गेला.

१७ फेब्रुवारी
गहिनीनाथ आले. पाणी दिलं, घेतलं नाही.
"सांगायला नगं, पण सांगतो. तुमच्या मालकाच्या गुन्ह्यातलं पोरगं अजून आतच हाय. ह्यो मोबाईल चोरीतला व्हता."
मग हा कुठं आहे आता, मी विचारलं.
"तेच इचारायला आलोय, बाई. तीन दिवस झाले, गॅरेजात बी आला न्हाई."