हक्कसोडीवर न केलेली सही

सोलापूर

प्रिय नंदीश,

फोन तू उचलत नाहीस. दाक्षायणी उचलते आणि "ते शेतात गेलेत, अक्का" म्हणून ठेवून देते. तुझ्या बायकोला बिचारीला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. थोरल्या बहिणीचं पत्र आहे, वाचल्याशिवाय फाडू नकोस.

यंदा वेळ अमावस्येच्या शेतपूजेला पहिल्यांदाच मी दुधनीला माहेरी आले नाही. सवयीनं सगळ्या भाज्यांची भज्जी केली, आंबील केली, आणि फ्लॅटच्या गॅलरीत बसून आम्ही दोघांनी खाल्ली. शेतात बसून, सगळ्यांनी मिळून खायची गोष्ट ती. माझं ताट अर्धं तसंच राहिलं. यांनीच ताटं उचलली.

तुझा राग मला कळतो. अप्पांच्या वर्षश्राद्धानंतर गुरप्पा काकांच्या घरी तू हक्कसोडीचे कागद पुढे केलेस. ओटी भरायला दाक्षायणीनं इरकल आणलं होतं, सुरेख होतं. आपल्यात बहिणी अशाच सही करून देतात. आत्यांनी केली, अम्मानंही तिच्या भावांना हसत हसत करून दिली. मी मात्र इरकल पाटावर ठेवून उठले, आणि वर अक्कलकोटच्या कोर्टात अप्पांच्या जमिनीत हिस्सा मागितला, विक्रीवर मनाई आणली. त्या दिवशी मी उठले तेव्हाच काका दारात म्हणाले, "पोरीला लई हाव सुटली की!" तू गप्प राहिलास. काकांच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं. तुला कडेवर घेऊन मी दुधनीचा अख्खा बाजार हिंडले आहे रे. आता तारखेला तू पलीकडच्या बाकावर बसतोस, तुझी कॉलर दुमडलेली दिसते, आणि उठून नीट करावी म्हणून माझा हात शिवशिवतो. आपलेच दात, आपलेच ओठ. गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाला?

वकील म्हणतात, हिस्सा मिळेल. पण कोणत्या बाजूचा मिळेल, ते त्यांनाही सांगता येत नाही. मला तर एकच जागा हवी आहे.

माझं पहिलं बाळंतपण दुधनीला झालं, तेव्हा तू सोलापुरात वसतिगृहात होतास. मुलगी झाली आणि बारशाच्या आतच गेली. तिला रुद्रभूमीत पुरलं, असंच सगळ्यांना माहीत आहे, यांनासुद्धा. पण एवढ्याशा जिवाला तिथं एकटं सोडणं अप्पांना जमलं नाही. आपल्या उपरण्यात गुंडाळून ते तिला शेतात घेऊन गेले. मी हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी विहिरीमागची जागा दाखवली. "हितं हाय बग. अम्माला बोलू नगं, ती पुन्ना शेतात पाय टाकायची न्हाय." मी शब्द दिला आणि पाळला. आता अम्मा नाही, अप्पाही नाहीत, आणि तुझ्या प्लॉटिंगच्या नकाशात विहिरीमागून रस्ता काढलाय. तिथं जेसीबी चालेल, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नाही, नंदीश. तेवढा कोपरा सोड. बाकी तू सांगशील तिथं सही करते, दावाही मागे घेते. दाव्यात मी माझंच नाव घातलं, कारण तिचं काय लिहिणार? तिचं नाव ठेवायचंच राहिलं होतं.

तुझीच,
महेश्वरी अक्का