उतरवलेल्या तारा

६ जानेवारी २०२५

शेफाली पेटी आणणार म्हणाली. संपलं!

सराव झाल्यावर केबल गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाली, "पंधरा फेब्रुवारीला ‘परतीची रिक्षा’ पेटीवर सुरू करू या. मी वाजवते. आप्पांचीच पेटी." तेजस बासची पिशवी बंद करत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ॲम्प्लिफायरकडे पाहिलं.

रेकॉर्डिंगमध्ये पेटी आहे, हे खरं. २००५ साली आप्पासाहेब, म्हणजे शेफालीचे वडील, स्टुडिओत स्वेटर घालून बसले होते. प्रत्येक टेकनंतर विचारायचे, "झाला का तुमचा धांगडधिंगा?" त्यांच्या सुरुवातीच्या चार ओळींमुळेच गाणं गाजलं असं लोक म्हणतात. गाणं मी लिहिलं. असू दे. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. अल्बमला वीस होतील, म्हणून हा कोथरूडचा कार्यक्रम.

गिटारची खुंटी फिरवली की तार खाली येते. पेटीचा सूर बसवलाय तिथेच बसतो.

आणि मी गेली तीन वर्षं तारा उतरवतोय. शेफालीला न सांगता.

७ जानेवारी

नीट लिहून ठेवतो. कुठेतरी असायला हवं.

सप्टेंबर २०२१ मध्ये तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज यायला चार महिने लागले. पहिल्याच सरावाला तिने ‘परतीची रिक्षा’ घेतलं. दुसऱ्या कडव्यानंतर ‘थांब’ या शब्दावर सूर एकदम वर जातो. तिथे ती खरंच थांबली. हसली. "पाणी देतोस का?" बाटली घेतली आणि न पिता हातात धरून बसली.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून गेलो. गाण्याची मूळ पट्टी पांढरी तीन, ती काळी दोन झाली. तेजसलाही बास उतरवायला लावली. शेफाली ‘थांब’वर गेली आणि तिथे राहिली. डोळे मिटलेले. मला दुसरं काही नको होतं.

वर्षभराने आणखी अर्धा सूर. आता पांढरी दोन.

का नाही सांगितलं? फार पूर्वी एका कार्यक्रमात एका मोठ्या गायकाने स्वतःचंच गाणं खालच्या पट्टीत म्हटलं होतं. बाहेर भेळ खाताना ही म्हणाली, "मी नाही हं असं करणार. गाणं उतरवायचं त्यापेक्षा घरी बसेन." ती बोलते ते करते. बँकेतली नोकरी एका दुपारी सोडून आली होती. राजीनाम्याची प्रत डबा पुसायच्या रुमालात गुंडाळून!

तिने घरी बसू नये. एवढंच.

१२ जानेवारी

सकाळी डावी अनामिका वाकलेलीच. कोमट पाण्यात पाच मिनिटं धरली, मग खट्‌कन सुटली. विशेष काही नाही. या वयात प्रत्येकाचं काहीतरी असतं.

दुपारी बिल्डरच्या जाहिरातीचं गाणं. एम.ए.ला मी दोन वर्षं कवितेतल्या मौनावर बोलत होतो. क्लायंट म्हणाला, "सर, इमोशनल पाहिजे, पण त्यात पार्किंग पण आलं पाहिजे." पार्किंग आणलं. दुसऱ्या ओळीत.

१९ जानेवारी

लोणी काळभोरला कॉलेजात कार्यक्रम. समोरची मुलं गाण्याएवढीच. काही गाण्याहून लहान.

एकेकाळी आम्ही पाच होतो. मग ड्रमवाले बदलत राहिले, कीबोर्डवाला कॅनडाला गेला. मी, शेफाली, तेजस उरलो. दुसरा अल्बम चालला नाही. तिसरा निघालाच नाही. मधली सहा वर्षं वाजवलंही नाही. आता लोक एका गाण्यासाठी बोलावतात आणि त्याआधीची अकरा सभ्यपणे ऐकून घेतात. तक्रार नाही. पुष्कळांना एकही मिळत नाही.

सोलोच्या मध्यात बोट अडकलं. चार मात्रा नुसती हवा. नेमकं तेव्हाच शेफालीने माईक मुलांकडे केला. "म्हणा!" मुलं ओरडून म्हणाली. कुणाला कळलं नाही. नशीब.

नंतर भाग्यश्री नावाची मुलगी स्टेजमागे आली. कार्यक्रम तिनेच ठरवलेला. शेफालीला म्हणाली, "मॅडम, आमच्या मम्मीचं फेवरेट गाणं हाय हे. आवाज अजून सेम टू सेम हाय तुमचा!"

शेफाली म्हणाली, "मम्मीला सांग, गुडघे पण सेम टू सेम आहेत म्हणावं."

मी तारा पुसत होतो. सेम टू सेम! मला एवढा आनंद झाला की लाज वाटली.

परतताना हडपसरला गाडी अडकली. शेफाली पुढच्या सीटवरून म्हणाली, "आपली गाणी हल्ली निवांत झालीत, नाही रे?"

तेजस म्हणाला, "उसाचा रस घ्यायचा का?" तीन वर्षांत त्याने हा प्रश्न कितीदा विचारला असेल. विषय बदलायचा असला की त्याला रस लागतो.

२३ जानेवारी

शेफालीने सोलो कापला.

"सोळा मात्रांचा कशाला? चार पुरे. हल्ली लोकांना धीर नसतो शुभ्या."

वीस वर्षं तो सोलो आहे. त्याच्यावर मी तीन महिने बसलो होतो. तिने कपातला चहा ओतून द्यावा तसा ओतून दिला. मी "बरं" म्हणालो. ‘बरं’ असं म्हणालो की तिला कळायला हवं. नाही कळलं. उलट खूश दिसली.

२४ जानेवारी

अजून राग आहे.

२९ जानेवारी

पेटीचा भाता गळतो. दुरुस्तीला न्यायची म्हणून शेफालीकडे गेलो. मीच नेतो म्हणालो. ती घरी नव्हती. विमलाकाकूंनी, तिच्या आईने, दार उघडलं.

"या शुभंकर. पेटी नेताय ते ठीक. पण गिटारीसारखी भिंतीला टेकवून ठेवू नका. आडवी ठेवा. तिला ते मानवत नाही."

चहा दिला. कपाला मुद्दाम मोठा कान. तीन वर्षांपूर्वी याच घरात माझ्या हातून कप पडला होता. ‘निसटला’ म्हणालो होतो. काकू विसरलेल्या नाहीत. पुण्यात फुटलेला कप कुणी विसरत नाही.

"रोज सकाळी पेटी घेऊन बसते ही," काकू म्हणाल्या. "थांब, थांब म्हणून ओरडते. दूधवाला दोनदा जिन्यात थांबला."

पेटीवर! रोज! म्हणजे मूळ पट्टीत चढायला बघत असणार, पांढरी तीनमध्ये. पोचत नसणार. आणि मग सरावाला येऊन माझ्यासमोर सहज पोचते. तिला काय वाटत असेल? सकाळी जमत नाही ते संध्याकाळी कसं जमतं, असं?

काकूंना विचारायचं धाडस झालं नाही. पेटी उचलली. जड आहे. जिन्यात डाव्या हाताने सोडून दिलं असतं, उजव्याने सावरलं.

२ फेब्रुवारी

स्वारगेटच्या मागच्या बोळात वैजनाथकाकांचं दुकान. चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतात. भाता पाहिला, कातडं पाहिलं. मग मी हळूच विचारलं, "सगळेच सूर एका सुराने खाली घेता येतील?"

त्यांनी चष्मा काढला. "आतले पितळी सूर घासून?"

"हो."

"येतील की. मग उरलेल्या पेटीत तांदूळ ठेवा." चष्मा परत घातला. "कशासाठी?"

सांगितलं. अनोळखी माणसाला सगळं सांगितलं! ऑपरेशन, तारा, तीन वर्षं. त्यांनी भात्याची घडी उघडमीट करत ऐकलं.

"अहो, गाणारी खाली आली तर वाजवणाऱ्याने बोटं दोन घरं डावीकडे न्यायची. पेटी कशाला मारताय?"

"वाजवणार तीच आहे. तिला कळेल."

"म्हणजे आत्तापर्यंत कळलेलं नाही?"

"नाही."

"गाणारीला?"

"नाही."

"बरं," वैजनाथकाका म्हणाले. माझ्याहून फार चांगलं ‘बरं’ म्हणतात. "भाता गुरुवारी मिळेल."

३ फेब्रुवारी

तेजसला फोन. सगळं सांगून टाकू का विचारलं. म्हणाला, "तुमच्यात मला घेऊ नका." आमच्यात कुठे, मी एकटाच आहे म्हणालो. तर म्हणाला, "रस प्यायला जातोय, ठेवतो."

६ फेब्रुवारी

पेटी तिच्या घरी पोचवली. आडवी. शेफालीने दारातच बसून भाता ओढला, एक सूर धरला, कान लावला. आप्पा असेच कान लावायचे. मान डावीकडे, जणू पेटी काहीतरी खासगी सांगतेय.

"रविवारी घेऊन येते," म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघून, "जेवून जा. मऊ भात आहे."

मऊ भात का आहे म्हणून विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

तीन वाटा आहेत. एक, तिला आधीच सांगणं. दोन, काहीच न करणं. मग पेटी पांढरी तीन, मी पांढरी दोन, आणि तिला कळेल ते सर्वांसमोर, कर्कश. तीन, तारा परत वर चढवणं. मूळ पट्टीत. मग पेटी जुळेल. ती ‘थांब’वर पोचेल किंवा पोचणार नाही. नाही पोचली तर तिला वाटेल, आज जमलं नाही. तीन वर्षं कुणी फसवलं असं नाही वाटणार. घरी बसली तर निदान स्वतःच्या कारणाने बसेल.

तिसरी वाट भ्याडाची आहे. तीच घेणार.

८ फेब्रुवारी

दुपारी कर्वेनगरच्या सरावाच्या खोलीत एकटाच. सोसायटीची नवी नोटीस दारावर: ‘दोन ते चार वाद्ये वाजवू नयेत. चांगली वाजवत असल्यासही.’ ॲम्प्लिफायर न लावता बसलो.

सहाही तारा चढवल्या. पांढरी तीन.

विसरलो होतो. तारा किती ताठ असतात! किती टोचतात! आडवं बोट टाकून धरायचे स्वर दुसऱ्या कडव्यापर्यंतच धरता आले. मग अनामिका मिटली ती उघडेना. उजव्या हाताने एकेक करून सोडवली, कुणा परक्याची असल्यासारखी. पुन्हा वाजवलं. पुन्हा मिटली. संध्याकाळपर्यंत सात वेळा वाजवलं. अख्खं एकदाच झालं. उद्या एकदाच लागणार आहे.

तिच्या आवाजासाठी उतरवल्या, हे खरं. सैल तारा बोटालाही बऱ्या वाटत होत्या, हेही खरं असावं. आजपर्यंत लिहिलं नव्हतं. इथेसुद्धा नाही.

तिला पोचू दे. एवढं एकदा.

९ फेब्रुवारी

शेफालीने पेटी मांडली. मांडी घातली, मान डावीकडे. आप्पांच्या चार ओळी वाजवल्या. मी सूर धरला आणि खोली किंचाळली. एका पूर्ण सुराचं अंतर.

ती पांढरी दोनमध्ये वाजवत होती. दोन घरं डावीकडे. महिनाभर तसंच बसवलेलं.

"वर का चढवल्यास?" ती म्हणाली. "बोटाचं काय?"

मी म्हणालो, "आवाजाचं काय?"

"कुणाच्या?"

मग तेजसने बास खाली ठेवली. "मला दोघांनीही शपथ घातली होती, दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणून. तीन वर्षं! आता मी रस पिणार नाही. मला शुगर आहे."

शेफालीने भाता ओढला, बोटं दोन घरं उजवीकडे नेली, आणि गिटारशिवाय, बसल्या बसल्या, ‘थांब’ म्हटलं. पांढरी तीन. वीस वर्षांपूर्वीचं. भिंतीपलीकडे कुणाचा तरी पंखा बंद झाला.

मग बोटं परत डावीकडे आणली आणि पांढरी दोनचा सूर धरून ठेवला. माझ्यासाठी.

मी तारा उतरवल्या. पहिल्यांदाच तिच्यासमोर.