जर्मनचं ताट

आई, तू मनातला सल बरोबर घेऊन गेलीस, म्हणून लिहायला बसले.

माझा नवरा ट्रकवर होता. अंगात ताप मुरला तेव्हा मी त्याला पाथर्डीला तुझ्याकडं आणलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून आपल्या डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, "एड्स आहे. भांडी वेगळी ठेवा." त्याच दुपारी तू जर्मनचं जुनं ताट काढलंस. तो हसला, "मामी, जावयाचा मान लई वाढला. येगळं ताट!" तू पदर तोंडाला लावलास. "डाक्टर म्हनले म्हनून, बाबा. माज्या लेकीला जपायचंय मला." पुढं त्याचं जेवणच तुटलं. मी दुधात भाकरी कुस्करून देते, तो दोन घास घेतो, हात आखडतो. "न्हाई जात." डॉक्टर येतात, ताकदीची सलाईन लावतात, जातात. तो गेला तेव्हा तू कपाळ बडवून म्हणालीस, "माज्या ताटानं उपाशी मारलं गं त्याला." पुढच्या उन्हाळ्यात तूही गेलीस.

नंतर मी तालुक्याच्या दवाखान्यात स्वयंपाकाला लागले. तिथं एकदा नगरहून डॉक्टरीणबाई आल्या, खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांना हा आजार समजावून द्यायला. मी चहा वाटत होते. त्या म्हणाल्या, "आधी पेशंटला तोंड उघडायला सांगा. जिभेवर, घशात पांढरा थर असला तर गिळताना आग होते, माणूस जेवण सोडतो. त्याला गोळ्या आहेत. खोकला असला तर टीबी शोधा, टीबी बरा होतो. मूळ आजारावरचं औषध अजून आपल्याकडे पोचलेलं नाही, पण एवढं हातात आहे. आणि एका ताटात जेवल्यानं हा पसरत नाही." समोरच आपले डॉक्टर बसलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. "बाई, साखर कमी आहे," म्हणाले. मी साखर आणून दिली.

त्याच्या जिभेवर पांढरं होतं, आई. आपल्याला ते तापाचं वाटलं. तोंड उघड, असं त्याला कुणी म्हणालंच नाही. माझ्या रक्तात काही निघालं नाही, पण मी वाचले ती ताटामुळं नव्हे. आणि तो उपाशी राहिला तोही ताटामुळं नव्हे. एवढंच लिहून कागद मिटायचा होता.

पण त्या पहिल्या दुपारी तू चटणी आणायला आत वळलीस, तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानं ताट हळूच लांब सारलं, मी पाहिलं. तेव्हा त्याचं तोंड चांगलं होतं. सकाळीच त्यानं ठेचा मागून खाल्ला होता.